तासाची फेरी

राग धरून ठेवायचं आमच्या घरात एकट्या मलाच जमायचं. आई दुसऱ्या दिवशी विसरायची, बाबांना तर राग यायचाच नाही, आणि दोघांच्या वाटणीचा मी धरून बसायचे. म्हणून आधीच सांगते, हे मी न्यायबुद्धीने लिहीत नाही. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला मी पाण्यात पाहत होते आणि थोडी अजूनही पाहते.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. रत्नागिरी शहराबाहेर कोळंबी गोठवायचा एक कारखाना होता. नाटे आणि आसपासच्या बंदरांवरून माल यायचा, बायका तो सोलायच्या, आणि लाद्या करून खोक्यांतून तो परदेशी जायचा. बाबा तिथे कॉम्प्रेसर ऑपरेटर होते, म्हणजे शीतगृहं थंड ठेवणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. मी बी.एस्सी. झाले, मुंबईला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच कारखान्याच्या नव्या कॉम्प्युटर विभागात लागले. विभाग म्हणजे एक एसी खोली, युनिक्सवर चालणारं एक मशीन, त्याला जोडलेली दोन-तीन टर्मिनलं, मी आणि आमचा इनचार्ज.

इनचार्ज राजापूरकडचा, माझ्याहून थोडा मोठा, हुशार, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारा. खोली घेऊन एकटाच राहायचा, म्हणून बाबा त्याला रविवारी घरी जेवायला आणायचे. "काका, काका" करत त्याने आमच्याकडे किती घावणे खाल्ले असतील याचा हिशेब नाही. आई त्याच्यासाठी कुरकुरीत कडेचे बाजूला काढून ठेवायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे. परक्याने केलं असतं तर मी इतकी पेटले नसते.

मशीन येण्याआधी कारखान्यात तासाची फेरी असायची. दर तासाला एक जण जाड कोट चढवून प्रत्येक शीतगृहात शिरायचा, आतला थर्मामीटर वाचायचा आणि कुडकुडत बाहेर यायचा. इनचार्जने ती फेरी बंद करून टाकली. त्याने शीतगृहांत तापमापकं बसवून त्यांच्या तारा मशीनला जोडल्या आणि एक प्रोग्रॅम लिहिला. तो प्रोग्रॅम पडद्यामागे सतत चालत राहायचा, तापमान वाचत राहायचा, आणि ते चढलं तर कॉम्प्रेसर रूममधला भोंगा वाजवायचा. पुढे पडद्यावर आम्ही पगारपत्रकं करत असू. मागे तो चाललेला आहे हे दिसायचंही नाही.

अशा मागे चालणाऱ्या कामाची एकच गोम असते. ते मेलं तरी आवाज होत नाही. म्हणून इनचार्जने 'तपास' नावाची आणखी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर तासाला आपोआप उठायची, मोठा प्रोग्रॅम जिवंत आहे का बघायची आणि प्रिंटरवर एक ओळ छापायची: चालू आहे. नसला तर, चालू नाही. दुसरी ओळ कुणी कधी पाहिली नव्हती, आणि याचा त्याला कोण अभिमान! मॅनेजरसाहेबांना तो म्हणायचा, "माणूस डुलकी काढेल, मशीन काढत नाही."

मग शिमगा आला. शिमग्याला आमच्याकडे कुठलाच कारखाना धड चालत नाही. पालखी दारात यायची असते, तेव्हा मुंबईहून माणूस मालकाशी भांडून येतो. रत्नागिरीतला कशाला थांबेल? पण शीतगृहं मालाने भरलेली होती, कुणीतरी राहायला हवं होतं. बाबा राहिले. आई आणि मी देवरुखजवळच्या आमच्या गावी गेलो. इनचार्जही त्याच्या गावी गेला.

त्या सुट्टीत एका दुपारी वीज गेली, आली, लगेच पुन्हा गेली आणि पुन्हा आली. त्या हिसक्यात दोन कॉम्प्रेसरांपैकी एक बंद पडला. दुसरा चालू होता, आणि त्याच्या धडधडीत एकाचा आवाज कमी झालेला बाबांना कळला नाही. आता भरवसा भोंग्यावर होता. भोंगा वाजला नाही. सण आटपून लोक कामावर आले, मोठ्या शीतगृहाचं दार उघडलं, आणि आतून जो वास आला तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. जपानला जायचा माल खड्डा खणून पुरावा लागला.

इनचार्जने आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर मशीन बंद करून परत सुरू केलं. सवयीने केलं असं तो पुढे म्हणाला. मी ते मुद्दामच धरते. मशीन परत सुरू झालं की मागचे सगळे प्रोग्रॅम नव्याने उठतात, मेलेला कोण होता ते कुणाला कळत नाही. मग त्याने प्रिंटरचा कागद फाडून मॅनेजरसाहेबांपुढे पसरला. सुट्टीभर तासातासाला एकच ओळ होती: चालू आहे, चालू आहे, चालू आहे.

"प्रोग्रॅम चालू होता म्हणजे भोंगा वाजला," तो म्हणाला. "भोंगा वाजला आणि ऑपरेटर उठला नाही. आता काका झोपले होते असं मी कसं म्हणू? कागद म्हणतोय."

हे वाक्य मी स्वतः, दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकलं. भोंगा वाजवून पाहिला तर व्यवस्थित वाजला. बाबांना चौकशी होईपर्यंत सस्पेंड केलं.

"मी जागा होतो गो बाय," बाबा घरी मला म्हणाले. "भोंगा वाजलाच नाय." हेच त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, युनियनवाल्याला सांगितलं, आणि मग सांगायचं सोडून दिलं. कोळंबी सोलणाऱ्या बायकांनी त्यांना झोपाळूकाका नाव ठेवलं होतं. बाजारात जायचं तर बाबा मागच्या गल्लीने जाऊ लागले. इतकी वर्षं अमोनियाच्या वासात काढलेला माणूस ओटीवर बसून वाती वळायला लागला. आईने एकदाच विचारलं, "आता तो जेवायला येणार नाही ना?" मी म्हटलं, "येऊ दे की. मी वाढते."

ऑफिसात मी त्याच्या शेजारच्या टर्मिनलवर बसायचे. त्याला वाटत होतं मी समजूतदार आहे, घरचं आणि ऑफिसचं वेगळं ठेवते. तो जेवायला गेला की मी 'तपास' उघडून वाचायचे. स्क्रिप्ट छोटीच होती. मशीनला 'पीएस' म्हटलं की त्या क्षणी चाललेल्या सगळ्या कामांची यादी मिळते. त्या यादीत 'ग्रेप' या आज्ञेने प्रोग्रॅमचं नाव शोधायचं. नाव सापडलं तर चालू आहे, नाही सापडलं तर चालू नाही. दिसायला बिनचूक होती. बरेच दिवस मलाही काही दिसलं नाही.

एके दुपारी तपास हाताने चालवून पाहताना मी प्रोग्रॅमच्या नावातलं एक अक्षर चुकले. अशा नावाचा प्रोग्रॅम जगात नव्हता. तपासने उत्तर दिलं: चालू आहे.

मी पडद्याकडे बघत राहिले. मग यादीच डोळ्यांनी वाचली, आणि शेवटच्या ओळीत चोर सापडला. शोधणं हेही मशीनच्या लेखी एक काम आहे. यादी होते तेव्हा शोधणाराही तिच्यात असतो, आणि ज्याला शोधायचं त्याचं नाव त्याच्या ओळीत लिहिलेलं असतं. म्हणजे ग्रेपला दुसरं कुणी सापडो न सापडो, तो स्वतःला सापडायचाच. मुंडकी मोजणाऱ्याने रिकाम्या खोलीत शिरावं, स्वतःला मोजावं आणि एक जण आहे म्हणून बाहेर यावं, तशातली गत. शिमगाभर त्या प्रिंटरवर जी ओळ छापली गेली ती प्रोग्रॅम मेलेला असतानाही तशीच छापली गेली असती.

मी कुणालाही काही बोलले नाही. बाबांनासुद्धा नाही. बोलले असते तर इनचार्जने त्याच संध्याकाळी एक शब्द बदलून टाकला असता आणि 'अरेच्चा, छोटीशी चूक राहिली होती' म्हणून हसला असता. मला ते हसू नको होतं. मला त्याचं तोंड पाहायचं होतं, आणि चार माणसांत पाहायचं होतं.

चौकशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होणार होती. मी युनियनच्या माणसाला सांगून ती आमच्या खोलीत ठेवायला लावली. साहेब, युनियनवाला, वायरमन, इनचार्ज, आणि दाराशी बाबा, धुतलेला शर्ट घालून, चप्पल बाहेर काढून. चप्पल काढायची काही गरज नव्हती. ती बाहेर काढलेली पाहिली आणि माझ्या मनात जी काही दयामाया उरली होती ती गेली.

मी एका तापमापकाचं टोक चहाच्या गरम ग्लासात बुडवलं. भोंगा कोकलला. "भोंगा चांगला आहे," इनचार्ज म्हणाला. मी वायरमनला मेन स्विच पाडून लगेच चढवायला सांगितलं, दोनदा, शिमग्यातल्यासारखं. मशीनला बॅटरी होती, ते चालूच राहिलं. पण तापमापकाच्या तारेतून भलतेसलते आकडे आत गेले आणि मागचा प्रोग्रॅम निमूटपणे मेला. मी परत टोक चहात बुडवलं. काही वाजलं नाही. बाहेर सोलणाऱ्या बायकांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"आता तुमचा तपास चालवा," मी म्हटलं.

त्याने चालवला. चालू आहे.

"परत."

चालू आहे.

मग मी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि तपासला 'भूत' चालू आहे का विचारलं. चालू आहे. 'पालखी'? चालू आहे. 'घावणे'? चालू आहे. युनियनवाला खो खो हसला. साहेब हसले नाहीत. इनचार्जच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी अगदी जवळून, मन भरून पाहिल्या.

हुशार मात्र होता. त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती सांगितली, की यादीतून शोधणाऱ्याची ओळ गाळून टाकायची. ती करूनही दाखवली. भूत चालू नाही असं आलं. साहेबांनी मान हलवली. मी याचीच वाट पाहत होते. शेजारच्या टर्मिनलवर मी त्याच्याच प्रोग्रॅमची फाइल नुसती वाचायला उघडली. प्रोग्रॅम मेलेलाच होता. पण फाइल वाचणाऱ्या कामाच्या ओळीत त्याचं नाव आलं, आणि तपास म्हणाला, चालू आहे.

साहेबांनी कागदाची ती लांब पट्टी गुंडाळली आणि टोपलीत टाकली. बाबांना म्हणाले, "उद्यापासून या कामावर." बाबा "व्हय" म्हणाले आणि इनचार्जकडे बघून, देवाशपथ, कसंनुसं हसले, जणू त्याचीच लाज राखायची होती. मला बाबांचाही राग आला.

"खात्रीने कळायचं तर काय करायचं?" साहेबांनी मला विचारलं. हेही माझ्याकडे तयार होतं. प्रोग्रॅम उठला की त्याने आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचा. तपासाने यादीत नाव हुडकत बसायचं नाही, त्या क्रमांकाला हाक मारायची. ती हाक मारायची आज्ञा 'किल' आहे. नावातच मारणं आहे, पण तिच्यासोबत शून्य दिलं तर ती कुणाला मारत नाही, तू आहेस का एवढंच विचारते. शून्याऐवजी कुठला आकडा दिला की खरंच मारते हेही मला पाठ होतं, आणि त्या दिवसांत शेजारी बसलेल्या माणसाकडे बघून तो आकडा मला बऱ्याचदा आठवायचा. क्रमांकावरही पुरता भरवसा ठेवायचा नाही, कारण मेलेल्याचा क्रमांक मशीन पुढे दुसऱ्याला देऊन टाकतं. म्हणून त्या क्रमांकावर बसलेला आपलाच आहे का ते पाहायचं. आणि जिवंत असून ठप्प बसलेला नाही ना, हे कळायला त्याने शेवटचं तापमान केव्हा वाचलं तेही पाहायचं. तिन्ही जमलं तरच चालू आहे म्हणायचं.

"फक्त एक," मी म्हटलं. "याची खात्री पटेपर्यंत चाचणी घ्यायला हवी. तोवर जुनी तासाची फेरी सुरू करावी. आणि मशीनचा आकडा कशाशी ताडायचा हे इनचार्जसाहेबांनाच कळतं, तेव्हा दिवसपाळीची फेरी त्यांनीच करावी. सुट्टीतसुद्धा."

साहेब "ठीक आहे" म्हणाले. इनचार्जने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

माझी स्क्रिप्ट पहिल्या आठवड्यातच पक्की झाली. एकदाही चुकली नाही. पण चाचणी संपली असं मी कुणाला सांगितलंच नाही. साहेबांनी विचारलं की म्हणायचे, अजून थोडं पाहू. तासातासाला तो उठायचा, इस्त्रीच्या शर्टावर तो माशाच्या वासाचा जाड कोट चढवायचा आणि माझ्यासमोरून दाराबाहेर जायचा. आगोटीत छत्री घेऊन गेला, पावसाळाभर भिजत गेला, दिवाळीत गेला. त्याला सर्दी कायमची लागली. त्याचं शिंकणं ऐकलं की मला दुपारचा चहा गोड लागायचा.

बाबा मात्र त्याला कॉम्प्रेसर रूममध्ये चहा पाजायचे. "पुरे कर गो बाय," मला म्हणायचे. "पोर आजारी पडेल." मी म्हणायचे, "तुम्ही वाती वळत होतात तेव्हा तो कुठे होता?"

पुढचा शिमगा आला. बाबांनी यंदाही आपण थांबणार म्हणून स्वतःच नाव दिलं. राहून दाखवायचं होतं त्यांना. इनचार्जला सुट्टी नव्हतीच, चाचणी चालू होती. त्याच्या गावी नव्या घरात पहिल्यांदा पालखी बसायची होती, त्याची आई वाट बघत होती, हे मला माहीत होतं. मी बॅग भरली आणि आईबरोबर गावाला गेले.

सहाणेवर, देवाच्या चौथऱ्यावर, पालखी बसली. गावकाराने सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. जो कोणी या लेकरांचं वाकडं चिंतील त्याचं तोंड काळं कर, म्हणाला, आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" बायकांनी म्हणायची रीत नाही. मी बायकांत उभी राहून तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि नाव घेऊन म्हटलं.

दुपारी गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप आला, बाबा दवाखान्यात आहेत. मिळेल त्या गाडीने आई आणि मी रत्नागिरीला आलो. तेव्हा नुकताच दिवस कलत होता.

झालं होतं ते असं. बाबा खोक्यांची थप्पी सरळ करायला मोठ्या शीतगृहात गेले, मागे दार लागलं, आणि आतून उघडायचा दांडा बर्फाने धरला होता. अंगावर साधा सदरा होता, कारण दोन मिनिटांचंच काम होतं. त्यांनी दार बडवलं. ऐकायला कुणी नव्हतं. रखवालदार फाटकावर होता, इनचार्ज कॉम्प्युटरच्या बंद खोलीत, बाकी सगळे पालखीला. तासाची फेरी आली तेव्हा ते दाराशी मुटकुळं होऊन पडले होते. इनचार्जने अंगातला कोट काढून त्यांना गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि फाटकापर्यंत आणलं. रखवालदाराने रिक्षा थांबवली.

दवाखान्याच्या बाकावर तो बसला होता. सदऱ्यावर, केसांत कोळंबीचा वास. मला पाहून उठला. "आहेत," म्हणाला. "बोलतायत."

मी विचारलं, "मशीनने काही...?"

"मशीन बरोबर होतं," तो म्हणाला. "तापमान ठीक, प्रोग्रॅम चालू. मी निघताना कागद बघूनच निघालो." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन कागद पाहिला. बाबा आत पडले होते त्या वेळची ओळही तिथे होती. चालू आहे. क्रमांक बरोबर, नाव बरोबर, तापमान ताजं. एका अक्षराची चूक नव्हती. मी साहेबांकडे गेले आणि चाचणी संपली म्हणून सांगितलं. फेरी आता बंद करायला हरकत नाही, असं इनचार्जला मी स्वतः जाऊन सांगितलं. वर्षभरात त्याच्या भल्यासाठी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तो कोट चढवत होता. "काका परत कामावर येतील ना?" त्याने विचारलं.

"येतील."

"मग मी जातो," म्हणाला आणि निघाला.

बाबा निवृत्त होईपर्यंत तो जात राहिला. आता त्याला कुणी पाठवत नव्हतं. तासातासाला त्याची पावलं आमच्या खोलीतून बाहेर जायची, आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीवरून त्याची हाक यायची, "काका, हायसा काय?" मग बाबांचं "हाय रे." ते ऐकू येईपर्यंत माझी बोटं कीबोर्डवर थांबलेली असायची, आणि तो परत खोलीत येताना मला मान वर करवत नसे. बाबा दवाखान्यातून घरी आले त्या रविवारी आईने त्याला जेवायला बोलावलं. घावणे मीच केले, आणि कुरकुरीत कडेचे त्याच्या पानात वाढले.